डोकं चढाला

आमच्या घरात मधल्या खोलीत हातातून कांदा सुटला तर तो खालच्या भिंतीला जाऊन थांबतो. लसणाची पाकळी, सुतळीचा गुंडा, पोरांच्या गोट्या, माझ्या गोळ्यांची डबी, पडेल ते घरंगळत तिथंच जातं. वस्तू हरवली तर आमच्यात कुणी शोधत बसत नाही, सरळ खालच्या भिंतीला बघतात. आता माझा नातू सागर विश्रामबागेतल्या एका बाईंकडून नव्या घराचा नकाशा काढून घेतोय. जुनं पाडायचं, जेसीबी लावून माळाचा उतार काढायचा आणि त्याच जागेवर नवं उभं करायचं असं घरात ठरलंय. बाई हुशार आहेत, इथं येऊन सगळं मापून गेल्या. मधल्या खोलीत त्यांच्या हातातली पेन्सील पडली आणि पळाली, तेव्हा त्या हसल्या नाहीत. मला विचारलं, आजोबा, ही जमीन खचलीय का? मी म्हणालो, खचली नाही, अशीच केलेली आहे. त्यांनी पुढं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण ते मनात राहिलं, म्हणून लिहायला घेतलं. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही मेंढरांमागं फिरताना जिथं गावली तिथं. सून म्हणाली, मामा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. नको म्हटलं. माझ्या आयचं घर मी दुसऱ्याच्या अक्षरात मांडणार नाही.

आम्ही फिरती माणसं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि मेंढरं पुढं घालून पश्चिमेला चालायला लागायचं. कुंडलवरून कराडाकडं, कृष्णाकाठच्या काळ्या रानांतून. तिकडचे बागायतदार शेतात मेंढरं बसवून घ्यायचे. त्यांच्या रानाला खत व्हायचं, आम्हाला ज्वारी मिळायची. दिवस कलला की आबा, म्हणजे माझे वडील, मुक्कामाची जागा बघायचे. आबा जागा डोळ्यांनी बघायचे नाहीत, पायांनी बघायचे. पायताण काढून रानात इकडून तिकडं हिंडायचे, एका ठिकाणी उभं राहायचे आणि काठी रोवायचे. तिथं पाल पडायचं. खालच्या अंगाला जाळीची वाघर लावून मेंढरं कोंडायची, वरच्या अंगाला माणसं निजायची. डोकं चढाला, पाय उताराला. उठून बसलं की पहिली मेंढरं दिसली पाहिजेत, हा त्यातला कायदा. बापजाद्यापासून आम्ही असेच निजलो. सपाटीला निजणं हे आम्हाला पाहुण्याच्या घरचं काम वाटायचं.

संध्याकाळचे आवाज अजून कानात आहेत. दुधाला सोडलेल्या कोकरांचा कालवा, घोड्याच्या गळ्यातली घंटी आणि त्या सगळ्याच्या खाली आयचं भाकरी थापणं. आय हुलग्याचं माडगं करायची. ते गरम गरम जर्मनच्या ताटलीत ओतायचं, त्यात बाजरीची भाकरी कुस्करायची, वर लसणाचं तिखट. आज सून करते ते चांगलंच असतं, पण त्याला धूर लागत नाही. आय दर मुक्कामाला तीन दगड शोधून चूल मांडायची आणि निघताना पायानं ढकलून मोडायची. एकदा मला म्हणाली होती की, माझ्या हातानं मी किती चुली मोडल्या असतील रं, एक तरी चूल अशी पाहिजे की सकाळी उठावं आणि ती हाय तिथं असावी. आयनं आयुष्यात मागितलेली ती एकच गोष्ट मला माहीत आहे.

मला मिसरूड फुटत होतं त्या वर्षी आय चालताना मागं पडायला लागली. आधी घोड्याच्या मागं, मग कोकरांच्या मागं. वाटेत बसायची आणि पायाला काटा लागल्याचं सोंग करायची. कराडच्या अलीकडं रानं कशी, ताटासारखी सपाट. तिथं मुक्काम पडला की आय निजायचीच नाही. आडवी झाली की छातीत सू सू वाजायचं आणि ती उठून बसायची, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. उशाला बाचकं देऊन बघितलं. तिनं ते काढून फेकलं. मला काय बाळंतीन समजलाय का टेकू द्यायला, म्हणाली. आय तशी मानी. आजारी म्हणून वेगळं निजवलेलं तिला चालायचं नाही. पण माळाला उतार असला, सगळ्यांबरोबर डोकं चढाला करून पडली, की तिला झोप लागायची. तिथं तीही आमच्यासारखीच, कुणी आजारी नाही, कुणी धडधाकट नाही.

हे आबांनी ओळखलं आणि कुणाला बोलले नाहीत. त्या वर्षापासून बागायतदारानं कितीही चांगली सपाट जागा दाखवली तरी आबा बांधाच्या कडेला, ओढ्याच्या चढाला मुक्काम टाकायला लागले. लोक नाराज व्हायचे. आमचं रान वंगाळ हाय का पावनं, म्हणायचे. आबा सांगायचे, आमच्या कुत्र्याला सपाटी मानवत न्हाई. कुत्रं बिचारं कुठंही निजायचं.

मग मिरजेला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. काळजाला सूज आहे म्हणाले, मीठ बंद, चालणं बंद. चालणं बंद म्हणजे आमच्यात सगळंच बंद. आबा दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसले आणि उठताना एवढंच म्हणाले की, घर बांधायचं.

जागा होती. वाटणीला आलेला माळाचा तुकडा, टेकाच्या पायथ्याला, सगळा मुरूम. कुसळाशिवाय काही उगवायचं नाही. त्यावर आबांनी घराचा नकाशा काढला. कागद कुणाकडं होता? माळावर दगडांना तोटा नव्हता. डोक्याएवढे दगड ओळीनं मांडले की ती भिंत, मध्ये फट ठेवली की ते दार. मी हौसेनं दगड वाहिले. मला घर पाहिजे होतं ते कुंडलच्या बागायतदारांसारखं. दोन बाजूंना सोपा, रस्त्याकडं तोंड, आणि आत पाय ठेवला की सारवलेली जमीन पाण्यासारखी सपाट. माझ्या लग्नाची बोलणी निघत होती. मेंढरांमागचं पोरगं म्हणून मी लय ऐकून घेतलं होतं, आता घराकडं बोट करून दाखवायचं होतं.

गवंडी आणला कुंडलचा, गणू त्याचं नाव. उंच, वाकलेला, तोंडात कायम तंबाखू, आणि बोलायला थांबायचा नाही. त्यानं जागा बघितली आणि सांगितलं, वरची बाजू खोदू, खालच्या बाजूला जोतं कमरेएवढं उचलू, मुरूम भरू, झालं सपाट. आबा म्हणाले, सपाट करायचं न्हाई. जमीन हाय तशी ठेवायची आन वर भिती घालायच्या. गणूला वाटलं थट्टा चाललीय.

"आवं पावनं, घर म्हंजे काय एसटी हाय का, उताराला लावून ठिवायला?" तो म्हणाला. "पानसळ ठेवली तर बुडबुडा पळून जाईल. लोक म्हनत्याल गणूचा हात कापतोय. कुंडलात मला कोन काम देनार न्हाई."

आबांनी चातीवर लोकर कातता कातता उत्तर दिलं. "बुडबुड्याला निजायचं न्हाई गणू. मानसाला निजायचंय."

गणूनं आयकडं बघितलं. ती तिकडं एका दगडावर टेकून बसली होती, बोलताना मध्ये थांबत होती. त्याच्या ध्यानात आलं असावं. तंबाखू थुंकून म्हणाला, मग पान्याची भांडी ठेवायची कुठं, जातं मांडायचं कुठं, ते तरी सांगा. उतारावरचं जातं पीठ एकाच अंगाला टाकतंय.

आणि त्या बोलण्यातून घर उलगडत गेलं. आधी आबांनी एकच लांब खोली मांडली होती, वरून खाली. ती मोडली. वरचा भाग सपाट करायचा, तिथं चूल, जातं, पाण्याची भांडी. त्याच्या खाली एक पायरी उतरून मधली खोली निजायची, तिची जमीन माळाची तशीच उतरती. त्याच्या खाली पुन्हा सपाट सोपा, आल्यागेल्याला. सोप्याच्या खाली मेंढरांची वाघर. पण दार सोप्यात ठेवलं तर आयला चुलीकडं जायला सबंध घर चढून जावं लागणार. दोन दिवस त्यावर गाडं अडलं. मग आबा माळावरून आडवे चालत गेले, चढ नाही की उतार नाही अशी रेघ धरून, आणि जिथं थांबले तिथला दगड उचलला. चुलीच्या खोलीला बाजूनंच दार. आयनं बाहेरून आडवं चालत यायचं आणि न चढता चुलीपुढं बसायचं. माझं रस्त्याकडचं दार त्यात गेलं. मी तोंड पाडलं. आबा म्हणाले, रस्त्यानं जानारे काय आपल्या घरात निजायला येनार हायत व्हय?

मधल्या खोलीचा उतार किती ठेवायचा, हे ठरवायला आबांकडं मापाचं साधन एकच होतं. आय. दुपारी जेवणं झाली की तिला दगडांच्या आत घोंगडं टाकून द्यायचे. आय डोकं चढाला करून पडायची. आबा पाठ करून बसायचे आणि चाती फिरवायचे. वरच्या अंगाला फार चढ होता, आय झोपेत सरकत खाली यायची आणि स्वतःच हसायची. खालच्या अंगाला फार सपाटी, तिथं छाती वाजायची. आबा मागं वळून बघायचे नाहीत, पण आयचा श्वास अडकला की त्यांची चाती थांबायची. मी समोरून बघायचो. चाती थांबली की सगळा माळ थांबल्यासारखा वाटायचा. मग श्वास सुटायचा, चाती पुन्हा फिरायची. असं करता करता दगड सरकले आणि हिवराच्या झाडाजवळ एक जागा सापडली, तिथं चाती थांबली नाही. आय दिवस कलेपर्यंत निजली. आबांनी तिथं चार कोपऱ्यांना चार दगड असे रोवले की ते पायानं हलेनात.

मेंढरं चुलत्याच्या जिवावर किती दिवस सोडणार? आबांना कराडाकडं परत जावं लागलं. मी आणि आय माळावर राहिलो. शेजारी एक खोप होती, पण आयनं आपलं बस्तान दगडांच्या आतच हलवलं. जिथं चुलीची खूण होती तिथं चूल मांडली, आणि ती चूल तिनं एकदाही मोडली नाही. रोज सकाळी राख काढायची, पोतेरं फिरवायचं. घोंगडी, उतरंड, सगळं आपापल्या खोलीत. भिंत नाही, छप्पर नाही, वर हिवराची सावली तेवढी, पण घर चालू झालं. आणि मग भिंतीही चालू झाल्या. मी घाईत दगडांची ओळ ओलांडून आत आलो तर आय ओरडायची, भितीतनं काय येतोस, दारातनं ये. आई नसलेलं एक कोकरू तिनं वाढवायला ठेवलं होतं. ते सारखं ओळ ओलांडून मधल्या खोलीत घुसायचं आणि ती बसल्या जागेवरून फुंकणी आपटून त्याला बाहेर काढायची. गणू आला की मुद्दाम फटीपाशी थांबून विचारायचा, वैनी, कडी काढताय न्हवं? आय म्हणायची, लोटलेलंच हाय, या. आबा पंधरवड्यानं एसटीनं यायचे. पहिल्यांदा आले ते सरळ माळावरून चालत, ओळ ओलांडून, तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. आयनं वर बघितलं नाही.

"आवं, भितीतनं काय येताय? दारातनं या की."

आबा मागं गेले, वळसा घातला आणि फटीतून आत आले. त्यांच्या तोंडावर मी तसं हसू पुन्हा कधी बघितलं नाही.

मला बघायला मुलीकडचे आले ते त्याच दिवसांत. मुलीचा चुलता बोलका होता. गणूनं त्याला फिरवून सगळा नकाशा समजावला. उताराची खोली ऐकून तो पोट धरून हसला. म्हणाला, आमची पोरगी या घरात दिली तर सकाळी सोप्यात सापडंल, रातभर घरंगळत जाईल की. सगळे हसले, मीही हसलो, चहा झाला, ते गेले. भांडी घासून झाली आणि आयनं गणूला हाक मारली. सांगितलं, मधली खोली तासून सपाट करा. गणू म्हणाला, तुमच्या मालकांनी न्हाई सांगितलंय. आय म्हणाली, त्यांचं मी बघती.

मी विचारलं, तू निजायची कशी? आयनं पदरानं हात पुसले.

"मी किती दिस निजनार हाय त्यात? घर तुमी नांदायचं. तुझी बायको यील, लेकरं हुत्याल. माझ्यासाठी सगळ्यांचं घर वाकडं नको. कर म्हनती न्हवं?"

आय ठाम बोलली की आमच्यात त्यापुढं बोलणं नव्हतं. आम्ही वरची बाजू तासली, खाली मुरूम टाकला, धुमुस मारला. गणूची पानसळ पहिल्यांदा त्या माळावर खूश झाली.

आबा आले. दारातून आत आले आणि पायताण काढून मधल्या खोलीत उभे राहिले. त्यांच्या पायांना जे कळायचं ते कळलं. हे कुणी केलं, असं विचारलं नाही. आय म्हणाली, मीच सांगितलं. आता मला सपाटीला झोप लागती. बघायचं तर बघा. आणि तिनं घोंगडं टाकलं आणि आमच्यासमोर उताणी पडली. भर दुपार होती. आबा पाठ करून बसले आणि त्यांनी चाती काढली.

आय हसत होती. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ओठ मिटलेले, गालावर हसू, डोळे मिटलेले, झोपलेल्या माणसासारखे. छातीत वाजू नये म्हणून ती श्वास बारीक बारीक घेत होती, मांजरासारखा. पण गळ्याची शीर टम्म फुगली होती आणि उड्या मारत होती, कातडीच्या आत काहीतरी अडकल्यासारखी. तेवढी तिला लपवता येईना. "लागतीया की झोप," ती डोळे न उघडता म्हणाली. चाती थांबली. पुन्हा फिरलीच नाही. आबा उठले, चाती मला दिली, आयच्या बगलेत हात घालून तिला बसती केली. मग पहार घेतली आणि खालच्या अंगाला भरलेला मुरूम उकरून वरच्या अंगाला टाकायला लागले. मी खोरं घेतलं. गणूनंही घमेलं उचललं. आय गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत होती. सांज होईपर्यंत माळ होता तसा झाला. तासलेला मुरूम पहिल्यासारखा घट्ट कधी बसत नाही, तरी आबांनी त्यावर पाणी शिंपडून, पायानं तुडवून तुडवून उतार परत आणला. जाताना मला सांगून गेले, या खोलीला हात लावायचा न्हाई. आय त्यावर भांडली नाही. तिनं त्या दिवशी खरवस केला होता, तो आबांच्या फडक्यात बांधून दिला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी आयनं पीठ मळलं, चूल पेटवली आणि मला म्हणाली, पानी आन जा, मी जरा पडती. विहीर खालच्या मळ्यात होती. मी घागर घेऊन चढून आलो. लांबूनच बघितलं की कोकरू दगडांची ओळ ओलांडून मधल्या खोलीत उभं आहे, आयच्या डोक्यापाशी, आणि आय त्याला काही बोलत नाही. घागर मी तिथंच खाली ठेवली. मला कुणी काही सांगावं लागलं नाही.

माणसं जमली. आबांना निरोप गेला, ते येईपर्यंत आयला तिथंच ठेवली होती, डोकं चढाला. बायका रडत होत्या, माणसं माळभर उभी होती, त्यांच्या पायांनी कितीतरी दगड हलले होते. आबा एसटीतून उतरून चालत आले. लोकांनी वाट दिली, सरळ, तिच्यापर्यंत. आबा त्या वाटेनं आले नाहीत. ओळीपाशी येऊन थांबले, मग डावीकडं वळले, सगळा वळसा घालून चुलीच्या अंगाला गेले. तिथला फटीचा दगडही कुणाच्या तरी पायानं आडवा झाला होता. तो त्यांनी वाकून बाजूला केला, पायताण काढलं आणि दारातून आत आले. तोवर मी रडलो नव्हतो.

माती झाली, दिवस झाले. गणू पुन्हा आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला, तंबाखू न खाता. मग आबांना विचारलं की आता मधली खोली सपाट करायची न्हवं. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, आय सपाट म्हनली हुती. त्यात मला माझं सपाट घर मिळवायचं नव्हतं. तिचा शब्द होता, तो मी सांगितला.

आबा दारातून आत गेले. हिवराजवळच्या त्या जागी डोकं चढाला करून पडले. डोळे मिटले. आम्ही दोघं बाहेर, ओळीच्या अलीकडं उभे. मग ते पडल्या पडल्याच बोलले.

"ती तुमच्यासाठी म्हनली. मी तिच्यासाठी म्हनलं. आता म्हननारा मी एकलाच ऱ्हायलोय. हाय तसंच ऱ्हाऊ दे गणू."

गणूनं पानसळ पिशवीत घातली आणि मधल्या खोलीसाठी ती पुन्हा बाहेर काढली नाही. भिंती तेवढ्या ओळंब्यात घेतल्या, जमीन सोडून दिली.

त्या बोलक्या चुलत्याची पुतणीच माझ्या घरात आली. पहिले काही दिवस ती भिंतीला धरून निजली, मग सवय झाली, आणि आता माहेरी गेली की तिथं झोप येत नाही म्हणून तक्रार करते. पोरं त्या जमिनीवर रांगायला शिकली, ती आधी चढाकडं. मेंढरं पुढं माझ्या चुलत्याकडं गेली. आबा सोप्यात निजायचे, पावसाळा असो की थंडी. मधल्या खोलीत ते कधी निजले नाहीत, पण तिथून जाताना पायताण काढायचे. गेले तेव्हाही सोप्यातच गेले.

आता माझं. वर्ष झालं, लेकीकडं कराडला गेलो होतो, तिथल्या पलंगावर पडलो आणि उठून बसलो. गुडघ्यावर हनुवटी ठेवली तेव्हा ध्यानात आलं की ही बैठक कुणाची. लेकीला सांगितलं, पंख्याचा आवाज होतो. इथं घरात मला काही होत नाही. पण सागरनं ओळखलं. पोरगं आबांवर गेलंय, बघतं आणि बोलत नाही. गेल्या आठवड्यात सुधारलेला नकाशा घेऊन आला. सगळं घर सपाट आणि मधल्या एका खोलीत उताराचा बाण काढलेला. म्हणाला, बाईंनी फोन करून विचारलं, हा उतार बाथरूमचा आहे का? मी सांगितलं, न्हाई, आजोबांच्या खोलीचा.

मी चष्मा लावून तो बाण बघितला. मग त्याला म्हणालो, हे खोडून टाक. तुझं लेकरू आता चालायला लागंल, फरशीवरनं घसरून पडंल. घर तुमी नांदायचं, माझ्यासाठी वाकडं नको. तो म्हणाला, मग डोक्याकडून वर होणारा पलंग आणू. मी म्हणालो, तसल्या टेकूची गरज आजाऱ्याला असते. त्यानं कागदाची गुंडाळी केली. जेसीबीनं सिमेंट ठेवायला म्हणून हिवराच्या पलीकडं थोडी जागा आधीच सपाट केलीय. तिकडं बोट करून म्हणाला, आजोबा, मग रविवारी तिथं चटईवर पडून दाखवा. झोप लागली तर खोडतो बाण.

मी हो म्हटलंय. सपाटीला हसत कसं पडायचं ते मी आयचं बघून ठेवलंय. ओठ मिटायचे, श्वास बारीक घ्यायचा, मध्येच एकदा बोलायचं. राहिली गळ्याची शीर. ती तिला झाकता आली नव्हती. मी मफलर गुंडाळून जाणार आहे. दिवस उन्हाळ्याचे आहेत आणि पोरगं आबांवर गेलंय.